मंगळवारची तालीम

फेब्रुवारी १९६०. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, तिथलं फिस्क विद्यापीठ. तास चालू आहे. एकवीस वर्षांची कृष्णवर्णीय विद्यार्थिनी डायॲन नॅश वर्गात बसली आहे, पण तिचं चित्त शिकवण्यात नाही. तास संपला की तिला बाजारपेठेत जायचंय, एका मोठ्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरपाशी जाऊन बसायचंय. पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. तिच्या तळहातांना घाम सुटलाय. हे तिनेच पुढे मुलाखतींत सांगितलं: त्या दिवसांत वर्गात बसलं की हात ओले व्हायचे, खरंच भीती वाटायची.

त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १९ एप्रिलला, हीच मुलगी हजारो लोकांदेखत शहराच्या महापौरांसमोर उभी राहिली. तिने दोन प्रश्न विचारले आणि महापौरांना ‘हो’ म्हणावं लागलं. तीन आठवड्यांत ते काउंटर कृष्णवर्णीयांसाठी उघडले.

मी नागपुरात महाविद्यालयीन मुलांची स्वयंसेवक शिबिरं घेतो. दर शिबिरात, बहुतेक दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर, कुणीतरी हळूच येऊन विचारतं, “सर, मला भीती वाटते. मग मी या कामाचा नाही का?” उपदेश करून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी हे प्रकरण सांगतो. ते इथे सविस्तर मांडतोय, कारण त्याचा शेवट बऱ्याच जणांना ठाऊक असतो, पण त्याआधीचे महिने कुणी सांगत नाही. आणि त्या महिन्यांचा एक धागा थेट आमच्या गावात येतो.

हिस्लॉप कॉलेजातला शिक्षक

जेम्स लॉसन हा ओहायो राज्यात वाढलेला कृष्णवर्णीय तरुण. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला त्याने नकार दिला. तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले तेरा महिने त्याने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ मध्ये तो मेथॉडिस्ट चर्चतर्फे नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजात मुलांचे खेळ घेऊ लागला. गांधीजींना जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. सत्याग्रहात भाग घेतलेली, लाठ्या खाल्लेली, तुरुंगात जाऊन आलेली माणसं आसपास वावरत होती. लॉसन ऐकत होता, वाचत होता, विचारत होता. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला. ती बातमी त्याने नागपुरातल्याच वर्तमानपत्रात वाचली.

१९५६ मध्ये तो परतला. पुढच्या वर्षी त्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. शिक्षण आटोपून मग अमेरिकेच्या दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाला, तेव्हा किंग म्हणाले की थांबू नका, आत्ताच या. तो नॅशव्हिलला आला, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्याने नाव घातलं आणि चर्चच्या एका खोलीत विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. वार ठरलेला: मंगळवार, संध्याकाळी.

नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या चार मोठ्या शिक्षणसंस्था होत्या: फिस्क, टेनेसी ए अँड आय, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकन बाप्टिस्ट हे धर्मशिक्षणाचं छोटं कॉलेज. दक्षिणेतल्या कितीतरी गावांत पुढे जे जमलं नाही ते इथे जमलं, त्याचं एक कारण हे संख्याबळ. दुसरं कारण मंगळवार.

शिकागोहून आलेली मुलगी

डायॲन मूळची शिकागोची, कॅथलिक घरातली. आधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात होती, १९५९ मध्ये फिस्कला आली. भेदभाव उत्तरेतही होता, पण तो पाट्या लावून उभा नसायचा. टेनेसीच्या जत्रेला गेली असताना स्वच्छतागृहांवर ‘गोऱ्या स्त्रिया’, ‘काळ्या स्त्रिया’ अशा पाट्या तिने पाहिल्या. आणखी एक दृश्य तिच्या मनात घर करून राहिलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाजारपेठेतल्या फुटपाथच्या कडेला बसून कृष्णवर्णीय माणसं कागदात बांधून आणलेलं खात असायची. त्याच दुकानांतून विकत घेतलेलं. दुकानदाराला त्यांचे पैसे चालत होते, पण त्यांनी तिथल्या खुर्चीवर बसलेलं चालत नव्हतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. महाडचं तळं पालिकेच्या ठरावाने सगळ्यांना खुलं होतं, तरी १९२७ मध्ये त्यातलं ओंजळभर पाणी प्यायला हजारोंना चालत जावं लागलं. शिबिरात इथवर आलो की मुलं आपसूक गप्प होतात.

डायॲन विद्यापीठात विचारत सुटली: याविरुद्ध कुणी काही करतंय का? बहुतेकांनी खांदे उडवले. मग एका सहाध्यायी मुलाने तिला मंगळवारच्या कार्यशाळेबद्दल सांगितलं. ती गेली, पण तिला पटलं नाही. मार खाऊन, उलट हात न उचलता काही बदलतं, यावर तिचा विश्वास बसेना. शहरात दुसरं कुणी काहीच करत नव्हतं, म्हणून ती येत राहिली.

मला या प्रकरणातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. चळवळीत येणारा प्रत्येक जण विचार पटूनच येतो, असं आपण धरून चालतो. ही मुलगी शंका घेऊन आली आणि शंकेसकट काम करत राहिली. पुढे तिला ती पद्धत इतकी पटली की आयुष्यभर तिने तीच शिकवली.

खोलीत काय चालायचं

सुरुवात वाचनाने आणि चर्चेने व्हायची. गांधी, येशू, थोरो. पण नुसत्या चर्चेने मंगळवार घडला नाही. खुर्च्या रांगेत मांडायच्या, त्याला काउंटर म्हणायचं. काही मुलं त्यावर बसायची. उरलेल्यांनी गोरे गुंड व्हायचं. ते मागून येऊन घाणेरड्या शिव्या द्यायचे, खुर्ची ओढायचे, ढकलायचे, तोंडावर धूर सोडायचे. बसलेल्याने वळायचं नाही, हात उगारायचा नाही. खाली पाडलं तर अंग कसं मुडपायचं, डोकं कसं झाकायचं, हे शिकवलं जाई. सोबत्याला कुणी मारत असेल तर मारणाऱ्याला न धरता आपलं अंग मध्ये कसं घालायचं, म्हणजे मार वाटला जाईल, हेही. आणि शक्यतो समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

आपल्याकडे तालीम या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम. त्या खोलीत दोन्ही एकाच वेळी चालू होत्या. मित्राच्या तोंडून ती शिवी ऐकायची, आतून पेटून उठायचं आणि तरी मान सरळ ठेवायची, हे एका रात्रीत येत नाही. ज्यांना हे जमणार नाही असं वाटे, त्यांनी काउंटरवर बसू नये, दुसरं काम घ्यावं, असा दंडक होता. गाडी चालवणं, निरोप पोचवणं, बाहेर उभं राहून सगळं टिपून ठेवणं. त्या कामात कमीपणा नव्हता.

मोर्चा कुठे वळवायचा, हेही त्या खोलीतच ठरलं. शाळा, बस, नोकऱ्या, मतदान, अन्याय सगळीकडेच होता. कार्यशाळेला येणाऱ्या बायकांनी बाजारपेठेचं नाव घेतलं. पुरुषांच्या पटकन ध्यानात न येणारी गोष्ट त्यांनी सांगितली. लेकरांना घेऊन खरेदीला जायचं, मुलं दमतात, भूक लागते, तहान लागते, आणि अख्ख्या पेठेत टेकायला जागा नाही. पोर काउंटरकडे बोट दाखवून विचारतं, आपण तिथे का नाही बसायचं? त्याला काय सांगायचं? लॉसनने पुढे अनेकदा सांगितलं की लक्ष्य ठरलं ते या बायकांच्या बोलण्यातून. आपली कितीतरी आंदोलनं पुढारी ठरवतात आणि ज्यांच्यासाठी करायची त्यांना नंतर कळवतात. म्हणून इथे जरा थांबावंसं वाटतं.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी दोन दुकानांत चाचपणी करून पाहिली. लहान गट गेला, सामान घेतलं, काउंटरवर बसून खायला मागितलं. नकार मिळाला. नकार का देता, हे सभ्यपणे विचारून घेतलं आणि परत आले. नकार कोण देतो, कोणत्या शब्दांत देतो, मॅनेजर येतो की नाही, हे नोंदवून ठेवलं. मग नाताळची सुट्टी लागली.

पहिला शनिवार

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी वुलवर्थ या दुकानातल्या काउंटरवर जाऊन बसले, आणि दक्षिणेत एकच खळबळ उडाली. नॅशव्हिलची मुलं तयारीला आधी लागली होती, पण सुरुवात दुसऱ्यांनी केली. आता त्यांना थांबवत नव्हतं. काउंटरवर बसायला जायच्या आदल्या रात्रीच्या बैठकीत वडीलधारे म्हणाले, घाई नको. जामिनाचे पैसे कुठून आणणार? संघटनेच्या गंगाजळीत सत्त्याऐंशी डॉलर आणि पन्नास सेंट होते. वडीलधाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ग्रीन्सबरोने लावलेली धग किती दिवस टिकेल, याची मुलांना खात्री नव्हती. लॉसन मुलांच्या बाजूने उभा राहिला.

१३ फेब्रुवारीच्या शनिवारी बर्फ पडत होतं. १२४ विद्यार्थी, मुलं कोट-टायमध्ये, मुली चर्चला जाताना घालतात तशा कपड्यांत, जोडीजोडीने फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमधून निघाले आणि फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या वुलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांत शिरले. किरकोळ काहीतरी विकत घेतलं, पावती घेतली आणि काउंटरवर बसले. काउंटर लगेच बंद झाला. मुलांनी वह्या-पुस्तकं काढली आणि अभ्यासाला बसली.

त्या दिवसाची डायॲनने सांगितलेली एक आठवण. वेट्रेस बिचाऱ्या इतक्या घाबरल्या होत्या की त्यांच्या हातून सारख्या बशा पडत होत्या. एक उचलायची, ती पडायची. दुसरी घ्यायची, तीही फुटायची. समोर बसलेल्या मुलांना हसू आवरेना, कारण ती स्वतःही जिवाच्या भीतीने घट्ट झाली होती आणि अशा वेळी हसू फार लवकर फुटतं. पण हसलं तर त्या बाईचा अपमान झाला असता. म्हणून सगळे ओठ दाबून बसले.

थोड्याच दिवसांत या मुलांसाठी दहा सूचनांचा कागद तयार झाला. तो लिहिला जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या दोन विद्यार्थ्यांनी. उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. गटप्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवू नका. सर्वांशी नम्रपणे वागा. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, असं म्हटलं होतं. कागद टंकलिखित करून त्याच्या प्रती वाटल्या. ‘मोठ्याने हसू नका’ ही ओळ मी आधी वाचली तेव्हा मला ती शाळेतल्या शिस्तीसारखी वाटली होती. बशांची गोष्ट कळल्यावर तिचा अर्थ लागला.

भीतीला मुदत

मग वर्तमानपत्रात डायॲनचा फोटो आला, नावासकट. एका सत्याग्रहाच्या वेळी जमलेल्या गोऱ्या पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी तिला ओळखलं: हीच ती, हिलाच धरायचं. तिने ते ऐकलं. गर्दीत कुणीही सुरा काढला तर कुणाला कळणारही नाही, हे तिच्या मनात चमकून गेलं आणि तिचे हातपाय गळाले. त्या अवस्थेत गटाचं नेतृत्व करता येणार नव्हतं. तिने स्वतःला काही मिनिटांची मुदत दिली. तेवढ्यात एकतर भीती ताब्यात आणायची, नाहीतर सोबत्यांना सांगून पद सोडायचं आणि चर्चमध्ये परत जायचं. मुदत संपेपर्यंत ती सावरली आणि कामाला लागली.

शिबिरातल्या त्या मुलाला मी हा प्रसंग सांगतो. तिने भीती लपवली नाही, आणि तिच्याशी झुंजतही बसली नाही. भीतीमुळे सोबत्यांचं नुकसान होणार असेल तर आपण बाजूला व्हायचं, ही वाट तिने मनात खुली ठेवली होती. मला वाटतं, ती वाट खुली होती म्हणूनच ती टिकून राहू शकली. ज्याला ‘मी घाबरलोय’ म्हणायची सोय नसते, तो ऐन वेळी पळतो किंवा हात उचलतो. दोन्हींत सोबत्यांचा जीव धोक्यात येतो.

२७ फेब्रुवारीचा शनिवार सगळ्यात वाईट गेला. हल्ला होणार, ही खबर आधीच लागली होती. मुलं तरी गेली. गोऱ्या तरुणांनी बसलेल्यांच्या पाठीवर, मानेवर जळत्या सिगारेटी टेकवल्या, अंगावर सॉस ओतला, खुर्च्यांवरून ओढून खाली पाडून लाथा घातल्या. पोलीस आले आणि त्यांनी बसलेल्यांना पकडलं. मारणाऱ्यांपैकी कुणालाही हात लावला नाही. गुन्हा लावला तो शांतताभंगाचा.

इथे मंगळवारची तयारी कामी आली. पहिली रांग पोलिसांच्या गाडीत चढली, तोवर दुसरी रांग येऊन काउंटरवर बसलेली होती. ती नेली तर तिसरी. दिवसभरात ८० हून अधिक जणांना अटक झाली. शंभर डॉलरचा जामीन ठरवला, कुणी भरेना. तो पाच डॉलरवर आणला, तरी कुणी भरेना. रात्री उशिरा सगळ्यांना तसंच सोडून द्यावं लागलं. वीस वर्षांचा जॉन लुईस, जो पुढे दीर्घकाळ अमेरिकन संसदेचा सदस्य होता, त्याची ती पहिली अटक. आपल्याला त्या दिवशी मोकळं वाटलं, असं तो म्हणत असे.

खटला उभा राहिला. विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी युक्तिवाद करत असताना न्यायाधीशांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. दंड झाला प्रत्येकी पन्नास डॉलर. डायॲन उठली आणि स्वतःच्या व आणखी तेरा जणांच्या वतीने म्हणाली की आम्ही दंड भरला तर आम्हाला पकडताना आणि दोषी ठरवताना जो अन्याय झाला त्याला आम्हीच हातभार लावल्यासारखं होईल. म्हणून आम्ही कैद पत्करतो. तिचं ऐकून इतरही अनेक जण तुरुंगात गेले.

घरच्यांचा विचार करा. ज्या आई-वडिलांनी पै पै जमवून पोरांना कॉलेजात धाडलं, त्यांना पत्रातून किंवा बातमीतून कळलं की पोर तुरुंगात आहे. बऱ्याच घरांत तोवर तुरुंग म्हणजे बदनामीच. त्या मुलांनी पोलिसांचा धाक एकदा पार केला, आईच्या रडण्याला मात्र त्यांना पुन्हा पुन्हा तोंड द्यावं लागलं असेल. कार्यकर्त्यांच्या कहाण्यांमध्ये हे कमी येतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हँडरबिल्टने लॉसनला काढून टाकलं. महापौर बेन वेस्ट यांनी कैदेतल्या मुलांना सोडून गोऱ्या आणि काळ्या प्रतिष्ठितांची एक समिती नेमली. तिच्यात एकही विद्यार्थी नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला समितीने तोडगा काढला: प्रत्येक काउंटरचे दोन भाग करा, एक फक्त गोऱ्यांसाठी, एक सगळ्यांसाठी. मुलांनी तो नाकारला. वाटणी तशीच ठेवून फक्त भिंत सरकवायची, असाच त्याचा अर्थ होता.

एव्हाना दुसरं हत्यार बाहेर निघालं होतं. ईस्टर जवळ आला होता. आपल्याकडे दिवाळीला तसे तिकडे ईस्टरला नवे कपडे घेतात. कृष्णवर्णीय समाजाने ठरवलं, यंदा पेठेत खरेदी नाही. गेल्या वर्षीचेच कपडे घालू. चर्चमधून निरोप गेले, घरोघरी फोन फिरले. दंगलीच्या भीतीने गोरं गिऱ्हाईकही येईना. दुकानं ओस पडली. मुलांचा निर्धार आणि समाजाचा खिसा एकत्र आले, तेव्हा दुकानदार बोलणी करायला राजी झाले. नुसत्या नैतिक धैर्याने काउंटर उघडले, असं सांगणं या मुलांवर अन्याय करणारं आहे. पैशाचं गणित त्यांना चांगलं कळत होतं.

पायऱ्यांवरचे दोन प्रश्न

१९ एप्रिल, पहाटे साडेपाचचा सुमार. लूबी वकिलांच्या घरावर डायनामाइट फेकला गेला. घराचा दर्शनी भाग उडाला, समोरच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या १४० हून अधिक खिडक्यांच्या काचा फुटल्या. लूबी आणि त्यांच्या पत्नी मागच्या बाजूला झोपले होते, म्हणून वाचले.

सकाळी सहाच्या सुमाराला मुलांची बैठक भरली. महापौरांना तार गेली: आम्ही येतोय. दुपारी टेनेसी ए अँड आयपासून मोर्चा निघाला. जेफरसन स्ट्रीटवरून जाताना वाटेत फिस्कची मुलं मिळाली, मेहॅरीची मिळाली, घरांतून माणसं बाहेर आली. कमीत कमी अडीच हजार, काहींच्या मते चार हजार माणसं, तिघातिघांच्या रांगांत, एकही घोषणा न देता. फक्त पावलांचा आवाज. रस्त्याकडेला उभे असलेले गोरे कामगार बघत राहिले. घोषणा देणाऱ्या जमावाला काय म्हणायचं हे त्यांना ठाऊक होतं, या शांत माणसांना काय म्हणावं ते सुचेना.

महापौर वेस्ट न्यायालयाच्या पायऱ्यांवर आले. विद्यार्थ्यांतर्फे सी. टी. व्हिव्हियन या तरुण पाद्र्याने निवेदन वाचलं. ते कडक होतं आणि त्यात महापौरांवर थेट टीका होती. महापौर चिडले. एक मोठ्या आवाजात बोलला की दुसरा आणखी मोठ्या आवाजात, अशी जुगलबंदी सुरू झाली. राजकारण्याला असं भांडण सोयीचं असतं. त्यात दोघंही आपापल्या जागी राहतात.

तेव्हा डायॲन पुढे झाली. तिने आवाज चढवला नाही. तिने विचारलं, केवळ वंशामुळे, रंगामुळे एखाद्या माणसाशी भेदभाव करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का?

प्रश्न महापौराला होता, पण तो पोचला आत बसलेल्या माणसाला. वेस्ट यांनी उत्तर दिलं की काउंटरवर वस्तू विकायच्या आणि खायला नाकारायचं, हे नीतीला धरून आहे असं आपल्याला म्हणता येत नाही.

तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: मग काउंटर सर्वांना खुले करावेत अशी तुम्ही शिफारस करता का?

“हो,” महापौर म्हणाले. अर्थात निर्णय दुकानदारांनी घ्यायचा आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पण टाळ्या तोवर पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या ‘टेनेसियन’ वर्तमानपत्राच्या मथळ्यात महापौर काउंटर खुले करा म्हणाले, एवढंच होतं. पुस्ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. पुढे वेस्ट यांना त्या उत्तराबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की तो प्रश्न राजकारण्याने उत्तर द्यावा असा नव्हता, माणसाने द्यावा असा होता.

या प्रश्नांची जात नीट पाहिली पाहिजे. पहिला प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ याखेरीज काही बोलू देत नाही, आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय कुठल्याही सभ्य माणसाला ठेवत नाही. दुसरा त्या ‘हो’ला कृतीशी बांधतो. दोघांतही शिवी नाही, उपहास नाही. मंगळवारच्या खोलीत महिनोन्‌महिने हेच तर शिकवलं होतं: समोरच्याच्या डोळ्यांत बघा, तो माणूस आहे असं धरून चाला, मग तो तसा वागण्याची शक्यता निर्माण होते. हे ऐन वेळी सुचलं, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. शब्द ऐन वेळचे असतील. शांतपणे पुढे होण्याची सवय ऐन वेळची नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी किंग नॅशव्हिलला आले. फिस्कच्या व्यायामशाळेत खच्चून गर्दी होती. आपण प्रेरणा द्यायला आलेलो नाही, या गावाकडून प्रेरणा घ्यायला आलो आहोत, असं ते म्हणाले. मध्येच बाँबची धमकी आल्याने सभा थांबवून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. काही सापडलं नाही. लोक परत येऊन बसले.

१० मे १९६० रोजी बाजारपेठेतल्या सहा दुकानांनी काउंटर उघडले. ठरलेल्या वेळी, दोन-दोन, तीन-तीन जणांच्या गटांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाईकं आली, बसली, खाल्लं, पैसे दिले, निघाली. गाजावाजा करायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. दक्षिणेतल्या मोठ्या शहरांमध्ये हे फार लवकर झालं. बाकी शहर मात्र होतं तसंच होतं. चित्रपटगृहं, बहुतेक हॉटेलं, उपाहारगृहं बंदच होती, आणि पुढल्या फेब्रुवारीत हीच मुलं चित्रपटगृहांच्या तिकीटखिडक्यांपुढे रांगा लावून उभी राहिली.

टेलिफोनपाशी

डायॲनचं पुढे काय झालं, हे मुलं विचारतातच. तिने पदवी पूर्ण केली नाही. मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’ची बस अलाबामातल्या ॲनिस्टनजवळ जाळली गेली, बर्मिंगहॅमच्या स्थानकात त्यांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं आणि मूळ संघटनेने प्रवास थांबवला. मारहाणीपुढे चळवळ थांबते असा संदेश एकदा गेला, तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी तेच होईल, हे डायॲनने ओळखलं. नॅशव्हिलहून नवी तुकडी पाठवायचं तिने ठरवलं. केनेडी सरकारच्या प्रतिनिधीने फोनवर तिला परोपरीने समजावलं, मुलं मरतील म्हणून सांगितलं. तिने उत्तर दिलं की ते आम्हाला ठाऊक आहे, काल रात्री सगळ्यांनी मृत्युपत्रं लिहून ठेवली आहेत.

ती स्वतः बसमध्ये बसली नाही. तिला फोनपाशी बसवलं होतं. दोस्तांना मरणाच्या दारात धाडून, घंटा वाजेपर्यंत खोलीत थांबायचं. त्या कामाची कुठे छायाचित्रं नाहीत. मला विचाराल तर काउंटरवर बसण्याहून ते अवघड.

तुकडी बर्मिंगहॅमला पोचली आणि पकडली गेली. तिथल्या पोलीस खात्याचा सर्वेसर्वा ‘बुल’ कॉनर याने जॉन लुईससह काही जणांना मध्यरात्री गाड्यांत घालून टेनेसीच्या सीमेवर आणलं आणि रेल्वेरुळांजवळ अंधारात सोडून दिलं. ओळखीचं कुणी नाही, आसपास कोण राहतं माहीत नाही. चाचपडत चालत त्यांनी एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय जोडप्याचं दार ठोठावलं. घरातल्या आजोबांनी आधी दार उघडलंच नाही. आजीने उघडायला लावलं.

तिथून त्यांनी नॅशव्हिलला फोन केला. डायॲनने उचलला. फोन ऐकला जात असेल, म्हणून ती खुणेच्या भाषेत बोलली: आणखी अकरा पार्सलं दुसऱ्या मार्गाने रवाना झाली आहेत. म्हणजे बदली तुकडी निघालीसुद्धा होती. तिने मोटार पाठवली. मोटार पोचल्यावर सगळे तिच्यात कोंबून बसले आणि पुन्हा बर्मिंगहॅमच्या रस्त्याला लागले.